पाय नसलेला कोंबडा

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. घराच्या मागच्या भिंतीला लागून आमची पशुखाद्याची गिरणी. सकाळी मका भरडायचं यंत्र सुरू झालं की फडताळातली भांडी आपोआप वाजायला लागत आणि 'मीठ वाढ' एवढं सांगायलाही नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं ओरडावं लागे. त्यामुळे आम्ही सगळे अजूनही ओरडूनच बोलतो. सासरी पहिल्याच सकाळी मी 'चहा झालाय' म्हणाले, तर कुणी पडलं की काय म्हणून सासरे धावत बाहेर आले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता जे सांगणार आहे त्यात गुप्ततेला फार महत्त्व आहे, आणि ती सगळी गुप्तता आम्ही शिरूरच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पाळली.

वासाचंही तसंच. मका, गव्हाचा कोंडा, मीठ, सरकीची पेंड आणि त्यावर ओतलेली साखर कारखान्याची काळी मळी, यांचा मिळून एक गोडसर, जड वास घरभर असायचा. कपड्यांत, केसांत, उशीतसुद्धा मुरलेला. कॉलेजात मी वर्गात शिरले की पुढच्या बाकावरच्या मुली मागं वळून न बघता 'वैशाली आली' म्हणायच्या. आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी खाताना दाताखाली कधी भरडा आलाच तर आम्ही थुंकत नसू. आपलाच आहे म्हणून गिळत असू. एक चैन मात्र होती. कुणा गिऱ्हाइकाची गाय व्याली की चीक आमच्या घरी यायचा, किटलीत, वर फडकं बांधून. 'तुमच्या पेंडीवर गाय सुखरूप सुटली' असं म्हणून माणूस किटली उंबऱ्यावर ठेवायचा आणि चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. आई गूळ घालून खरवस करायची आणि चुलतभावांत नि माझ्यात मोठ्या वडीवरून मारामारी व्हायची. आज साखरेच्या गोळ्या घेत हे लिहिते आहे, त्यात त्या मारामाऱ्या जिंकल्याचा वाटा मोठा असावा.

गिरणी दोघा भावांची. माझे वडील थोरले. त्यांना घरदार आबा म्हणायचं. माल बनवणं त्यांच्याकडे. धाकटे आप्पा, माझे चुलते. माल विकणं त्यांच्याकडे. आबांचा धंद्यात एकच हट्ट होता, तो सरकीच्या पेंडीचा. ती महाग पडते, तिचा दर आज एक तर उद्या दुसरा, पण दुधाला दाटपणा तिच्यानंच येतो असं त्यांचं म्हणणं. मिश्रणात ते स्वतःच्या हातानं फावडं मारायचे. ढिगातून मूठ उचलायची, फुंकर घालायची, वास घ्यायचा आणि चार कण तोंडात टाकायचे. गायीच्या आधी पेंड आबा खायचे. आई म्हणायची, "आता शिंगं तेवढी फुटायची ऱ्हायलीत तुमाला."

भीमेपलीकडे, दौंडच्या बाजूला बापूंची गिरणी होती. तुरा छाप पेंड. पोत्यावर लालभडक तुऱ्याचा कोंबडा. गायीच्या खाद्यावर कोंबडा कशाला, हे बापूंनाच ठाऊक. पण ते त्यांच्या तीरावर, आम्ही आमच्या. लग्नाकार्यात भेटले तर एकमेकांना पान देत. अशी वर्षं चालली होती. मग आप्पा पुण्याला एका हॉटेलात व्यावसायिकांच्या शिबिराला गेले.

तिथं त्यांना गार खोलीत बसवून, पनीर खाऊ घालून सांगण्यात आलं, की धंदा मालावर चालत नाही, माहितीवर चालतो. तुमचा स्पर्धक आज सकाळी काय करतोय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही डोळे बांधून गाडी हाकताय. देवाला जाऊन आलेला माणूस निदान प्रसाद आणतो. आप्पांनी एक जाडजूड फाइल आणि 'कॉम्पिटिटर' हा शब्द आणला. त्या दिवसापासून बापू बापू राहिले नाहीत. आईच्या वाळवणाच्या खोलीवर पहिली धाड पडली.

"वहिनी, ही खोली आता माहितीची."

"आन् माझ्या कुरडया?"

"कुरडया कुठंही बसतील. माहितीला जागा लागते."

कुरडया माळ्यावर गेल्या, तिथं उंदरांनी त्यांची माहिती काढली. खोलीत भिंतभर शिरूर नि दौंड तालुक्यांचा नकाशा आला, लाल-निळ्या टाचण्या आल्या, एक कॉम्प्युटर आला. त्याच्यावर भरड्याची धूळ बसू नये म्हणून आईनं पोत्याचं झबलं शिवलं. आता त्याच्यापुढं बसायला कुणीतरी शिकलेलं माणूस हवं. घरात शिकलेली म्हणजे मी. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, आणि कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये बिस्किटासारखी गोल, रंगीत चित्रं काढायला शिकले होते. त्यातला कुठला तुकडा केवढा हे बघून मोठमोठे लोक निर्णय घेतात असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. अशा रीतीनं मी कंपनीचा माहिती विभाग झाले. सगळाच्या सगळा विभाग. काय ऐट होती माझी! ओढणीला पेन अडकवून फिरायचे.

माझा मुलगा हल्ली हिंजवडीत हेच काम करतो. त्याच्या पडद्यावर काटे फिरतात, रेघा चढतात, उतरतात, आणि तो त्यांच्याकडे असा बघतो की वाटावं, आरतीच चालू आहे. परवा मी विचारलं, "हे आकडे येतात कुठून रे?" "सिस्टीममधून." "आणि सिस्टीममध्ये?" "आई, तुला नाही कळणार." मला नाही कळणार! ज्या बाईनं पोत्यांवरून कंपनी चालवलेली पाहिली, तिला!

तर पोत्यांचं सांगते. आमच्या भागात पेंडीचं पोतं मरत नाही. आतली पेंड संपली की त्याचा खरा संसार सुरू होतो. पावसात ते डोक्यावर खोळ होतं, न्हाणीला आडोसा होतं, कांद्याच्या अरणीवर, म्हणजे रानातल्या ढिगावर, झाकण होतं, मोटारसायकलच्या सीटवर चढतं, म्हाताऱ्यांच्या बुडाखाली जातं. आप्पांना एके दिवशी साक्षात्कार झाला, की लोकांना विचारायला गेलं तर लोक खोटं बोलतात. पोतं खोटं बोलत नाही. ज्याच्या अंगणात ज्याचं पोतं, त्याच्या गोठ्यात त्याची पेंड. झालं. विक्रीची माणसं मोटारसायकली घेऊन गावोगाव निघाली. त्यांना सक्त ताकीद होती, नुसतं बघायचं, कुणाला काही विचारायचं नाही. "आपण विचारलं," आप्पा म्हणायचे, "तर समोरच्याला कळतं की आपल्याला कळत नाही." ही माणसं लोकांच्या न्हाण्यांकडे टक लावून बघत उभी राहायची. तळेगाव ढमढेऱ्याला एकानं त्याबद्दल मारही खाल्ला. त्याची नोंद आम्ही 'बाजारातील तणाव' अशी केली.

आणि जिकडून तिकडून एकच बातमी येऊ लागली: कोंबडा. भीमेच्या अलीकडे, आमच्या हक्काच्या गावांत कोंबडा. तळेगावात कोंबडा, इनामगावात कोंबडा, वस्त्यावस्त्यांवर कोंबडा. एका माणसानं जाता जाता असंही सांगितलं, की या कोंबड्याला पाय नाहीत. मी लगेच टाइप केलं, 'स्पर्धकाने बोधचिन्हात आधुनिक बदल केलेला दिसतो.' आप्पांनी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. "बघितलंस वैशे? ब्रँडिंग! आपण अजून गायच छापतोय." माझ्या बिस्किटातला लाल तुकडा फुगत गेला आणि निळा, म्हणजे आमचा, उंदरानं कुरतडल्यासारखा दिसू लागला.

मग आप्पांनी दूरच्या पाहुण्याकरवी दौंडहून तुरा छापचं एक पोतं गुपचूप मागवलं आणि त्यातली पेंड पुण्याला तपासायला धाडली. उत्तर आलं, की यात सरकी जवळजवळ नाहीच. भाताचा कोंडा भरपूर. आता आप्पांच्या हातात दोन गोष्टी आल्या. एक, बापूंची पोती सगळीकडे. दोन, बापूंच्या पेंडीत सरकी नाही. दोन्ही एकापुढे एक ठेवल्यावर तिसरी त्यांच्या डोक्यात आपोआप उगवली: लोकांना सरकी नको आहे. त्यांनी माहितीच्या खोलीत बैठक बोलावली. फळ्यावर 'अत्यंत गोपनीय' असं लिहिलं आणि चालू गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून सरकी बंद.

"कोण म्हंतंय लोकास्नी सरकी नको?" आबांनी ओरडून विचारलं.

"आकडे म्हणतात!"

"आन् गाया काय म्हंत्यात?"

"गायीला कोण विचारतंय, आबा? विकत माणूस घेतो!"

"खातंय कोण?"

आप्पा हसले. शिबिराहून आल्यापासून त्यांना असं हसता यायला लागलं होतं. "आबा, आपल्या आक्काच्या इनामगावला शिकलीसवरलेली माणसं येऊन खापरं उकरून गेली. हजारो वर्षांपूर्वी तिथली लोकं काय खात होती ते त्यांनी सांगितलं. मेलेल्या माणसाचं खापरावरनं कळतं, तर जित्या गायीचं पोत्यावरनं कळणार नाही?"

मला तो मुद्दा तेव्हा बिनतोड वाटला होता. आबांनी एकदा नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरकी काढायची आसंल तर काढ. तूबी मालक हायेस. पण मग मिश्रणाला माझा हात लागायचा न्हाई. फावडं खाली ठेवतो." त्यांनी हे सांगायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. गिरणी थांबली आणि 'खाली ठेवतो' हे शब्द एकाएकी शांत झालेल्या घरात एवढ्या मोठ्यानं वाजले, की स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत दारात आली. आबांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून ते फावडं धरलेलं. शेती त्यांना जमत नव्हती, बोलणं त्याहून कमी जमायचं. गिरणीतून उठले तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे आईच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. आप्पा म्हणाले, "आबा, भावनिक होऊ नका. महिनाभर विचार करा." शिबिरात तेही शिकवतात वाटतं.

त्याच महिन्यात आत्याकडून हुरड्याचं बोलावणं आलं. आत्या म्हणजे या दोघांची मधली बहीण, आप्पांहून मोठी, म्हणून त्यांची आक्का. इनामगावला घोडनदीच्या काठाला तिची जमीन आणि दावणीला गायी. पेंड आमचीच घ्यायची, भावाकडून फुकट घेणार नाही म्हणायची आणि भाव असा पाडून मागायची की फुकट दिलेलं परवडावं. आम्ही सगळे जीपनं गेलो. रानात शेणकुटांची आगटी पेटलेली, कणसं भाजून चोळायचं काम आत्याच्या सुनांकडे, आणि त्या गरम, हिरव्या दाण्यांबरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. बसायला पोती अंथरली होती. सगळे बसले. आप्पा उभेच.

"बस की रं," आत्या म्हणाली.

"आक्का, हे काय आहे?"

"पोतं हाय. कवा बघितलं न्हाईस व्हय?"

"याच्यावर कोंबडा आहे."

"आसंल. तुला टोचतोय का? उलटं कर आन् बस."

"मी बापूच्या पोत्यावर बसणार नाही! आक्का, सख्ख्या भावाची गिरणी असताना तू दौंडची पेंड घेतेस? न्हाणीला कोंबडा, कांद्यावर कोंबडा, कडब्यावर कोंबडा! मी येताना सगळं बघितलंय."

आत्याच्या हातातलं कणीस तिथंच थांबलं. "न्हाणी बघितलीस? भावाला बहिणीच्या न्हाणीत काय बघायचं आसतंय रं? गोठ्यात जा! गव्हाणीत तोंड घाल आन् मग सांग कुणाची पेंड हाय ती! पोती तळेगावच्या बाजारात मिळत्यात, गठ्ठ्यानं, रिकामी. छापताना बिघडल्याली. चांगली जाड हायेत, तुमच्यावानी उन्हानं पिचत न्हाईत. डोळं हायेत का तुला? त्या कोंबड्याला पाय तरी हायेत का बघ!"

आप्पांनी तावातावानं पोतं उचललं. आणि सवयीनं, अगदी नुसत्या सवयीनं, त्यांचा अंगठा पोत्याच्या तोंडावरून फिरला. गिरणीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: भरलेल्या पोत्याचं तोंड मशीननं शिवतात, आणि दोरा ओढून ते उघडलं तरी सुईच्या भोकांची रांग मागं राहते. ती कधी बुजत नाही. तरुणपणी आप्पांनी अशी पोती शिवता शिवता हाताला घट्टे पाडून घेतले होते. त्यांचा अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि तसाच परत आला. एकही भोक नव्हतं. त्या पोत्यात पेंड कधी भरलीच नव्हती. त्यांनी शेजारचं उचललं, मला उठवून माझं उचललं. तेही तसंच. आमच्या माणसांनी मार खाऊन, मी ओढणीला पेन लावून, आम्ही सगळ्यांनी मिळून कोऱ्या पोत्यांची पाहणी केली होती.

आबांनी ओंजळभर हुरडा आप्पांपुढे केला. "घे. गरम हाय तवर खा."

मला वाटलं, सुटलो. आईलाही वाटलं, तिनं त्या दिवशी कधी नव्हे तो दोनदा हुरडा मागून घेतला. येताना न्हावरं गाव मागं पडलं. जीपमध्ये आप्पा एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "बापू पोचलेला माणूस आहे!"

"का रं?" आबा.

"का काय? मुद्दाम पेरली पोती. आपली माणसं पोती बघत फिरतात हे त्याला कळलं. आपल्याला फसवायला त्यानं कोरी पोती बाजारात सोडली!"

"बापूनं पेरली तर पेरली," आबा म्हणाले. "आपण कशापायी उगवायचं?"

पण आप्पा आता ऐकण्यापलीकडे गेले होते. जो माणूस एवढी पोती पेरतो तो काहीतरी लपवतोय. लपवतोय म्हणजे त्याचं गुपित मोठं आहे. आणि बापूंचं आपल्याला सापडलेलं एकमेव गुपित कोणतं? सरकी नसणं. म्हणजे सरकी बंद करायला आता महिनाही थांबायला नको. मी हा विचार पुढं अनेक वर्षं उलटासुलटा करून पाहिला आहे. त्याला कुठून धरावं हेच कळत नाही. कोंबड्यासारखे त्यालाही पाय नाहीत. माहितीवर ज्याची श्रद्धा बसली त्याचं एक बरं असतं. माहिती खरी निघाली तर खरीच, आणि खोटी निघाली तर ती त्याहून महत्त्वाची.

सरकी बंद झाली. आबांनी फावडं भिंतीला टेकवलं, नळावर हातपाय धुतले, घरात आले आणि आईला म्हणाले, "काय काम हाय का?" आई रडली नाही. तिनं त्यांच्यापुढे लसूण सोलायला ठेवला.

लसूण संपल्यावर आबा घरामागच्या गोठ्यात रमले. आमच्या चार गायी होत्या. त्यांच्यापुरती पेंड ते घमेल्यात स्वतः कालवायचे, जुन्या पद्धतीनं, सरकी घालून. सरकी ते बाजारातून पिशवीनं आणायचे, एखाद्या गिऱ्हाइकासारखी. आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पण आप्पांना सोडून बाकी सगळ्यांचं लक्ष होतं. आमच्याकडे गायी पाळणारा माणूस पेंडीवाल्याची जाहिरात बघत नाही, त्याचा गोठा बघतो. हिशेबाला म्हणून येतो, चहा पितो, 'जरा हात धुतो' म्हणून मागं जातो आणि धुवायच्या आधी तो हात गव्हाणीत घालतो. पेंडीवाल्याची गाय काय खाते, एवढीच बातमी त्याला हवी असते. तीन पिढ्या असे हात आमच्या गव्हाणीत गेले होते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता ते हात सरकी घेऊन बाहेर यायला लागले.

"आबा, तुमच्या गाया सरकी खात्यात," एकानं माझ्यासमोर विचारलं.

"व्हय."

"आन् आमच्या?"

आबांनी खाली बघून शेण सारलं. "ते आप्पाला इचारा."

तो आप्पांकडे गेला नाही. सरळ घरी गेला. चार दिवसांनी शिवण न उसवलेली पोती टेम्पोतून परत यायला लागली. चीक यायचा बंद झाला. एवढ्या मोठ्या उन्हाळ्यात आमच्या घरी खरवस म्हणून झाला नाही. हे कळायला कॉम्प्युटर लागत नव्हता, पण आप्पांनी माझ्याकडून बिस्किटं काढून घेतलीच, आणि त्यांवरून निदान केलं, की माहिती फुटते आहे. यावर इलाज म्हणून त्यांनी गोठ्याच्या दाराला पाटी ठोकली: 'परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई'. गोठ्याला! दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं, की गिरणीवाले आपल्या गायींना काय घालतात ते लपवतात. पेंडीच्या धंद्यात याहून वाईट काय पसरावं?

आप्पा आता सत्तरीपार आहेत, ठणठणीत आहेत, आणि रोज सकाळी मला मोबाइलवर माहिती पाठवतात. कारल्याच्या रसानं काय बरं होतं, कुठल्या बँका बुडणार, चीन काय करणार. खाली लिहिलेलं असतं, 'जसं आलं तसं पुढे पाठवत आहे.' हे एक वाक्य जर आम्ही त्या खोलीवर लिहून ठेवलं असतं! मी मात्र प्रत्येक निरोपाला दोन हात जोडलेलं चित्र पाठवते. माहिती विभागाची जुनी सवय.

पावसाळ्याच्या तोंडाला शिबिरवाल्यांनी आप्पांना पुन्हा बोलावलं. या वेळी ऐकायला नव्हे, बोलायला. विषय होता, 'स्पर्धकाला ओळखा'. त्यासाठी मी रात्रंदिवस खपून रंगीत पानं तयार केली, आणि आप्पा सफारी घालून सकाळी पुण्याला गेले. दुपारी दारात एक जीप थांबली. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, पोटावर हात ठेवून एक म्हातारा उतरला आणि घरात न येता थेट मागं गेला. मी धावत गेले. गोठ्याच्या पाटीखाली चपला काढून तो आत शिरला होता.

"या बापू," आबा म्हणाले. जसे रोजच येतात.

"पाटी मी वाचली न्हाई बरं का, आबा. चष्मा गाडीत राह्यला." बापूंनी गव्हाणीत हात घातला, मूठ उचलली, फुंकर मारली, वास घेतला, चार कण तोंडात टाकले. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला ते करताना पाहिलं. बापू चावत राहिले. "मग हे खरं हाय तर. तुमच्या गाया सरकीच खात्यात. आन् गिरणीत बंद?"

"बंद."

"का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. पोती, बिस्किटं, तपासणी, सगळं. बापू ऐकत गेले आणि त्यांची टोपी हळूहळू मागं सरकत गेली.

"माझं बघून?" ते म्हणाले. "आगं पोरी, माझी पेंड खपंना म्हणून मी सरकी काढून भाव उतरवला, आन् सरकी काढली म्हणून व्हती ती बी खपंना! माझ्या दावणीच्या गाया मला शिंगावर घेत्यात. आन् ती पोती? त्या छापणाऱ्यानं माझा सगळा गठ्ठा बिगडवला, वर मला न इचारता बाजारात फुकून दिला. सा म्हैनं मी त्याला शिव्या घालतोय!" ते गोठ्यातल्या बाजेवर बसले. "आरं, एक फोन करायचा की. मी सांगितलं नसतं व्हय?"

आईनं चहा आणला. बापूंनी बशीत ओतून तो प्यायला आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "आबा, दौंडला चला. मिश्रण तुमच्या हातचं. सरकी किती घालायची ते तुमी ठरवायचं, मी मधे पडणार न्हाई. जीप रोज सकाळी न्यायला यील, सांजच्याला सोडंल."

आबा वळून एका गायीची पाठ खाजवू लागले. मला त्यांच्या पाठीवरूनच दिसत होतं, त्यांना जायचं होतं. "भावाला इचारून सांगतो," ते म्हणाले.

आप्पा संध्याकाळी आले ते गळ्यात शाल घेऊनच. गिरणी दुपारपासून बंद होती. मालाला मागणीच उरली नव्हती. जेवताना पिठल्याची रटरट ऐकू येत होती, एवढं घर शांत. भाकरी मोडत आप्पांनी नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून, विचारलं, "दौंडकडची काय खबर?"

"हाय," आबा म्हणाले. "बापू आलावता."

"कुठं?"

"आपल्या गोठ्यात. मूठभर पेंड खाल्ली, चहा पिऊन गेला."

आप्पांचा घास घशात अडकला, पण तो हसण्यामुळे. "आबा, तुम्ही पण ना!"

"मला दौंडला बोलावलंय. मिश्रणाला. सरकी घालून. तुला इचारून सांगतो म्हनलोय."

"वैशे, टाइप कर गं!" आप्पांनी मला डोळा घातला. "आबांना पळवायला खुद्द बापू आले. पेंड खाऊन गेले." मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्या ताटात घाईघाईनं पिठलं वाढलं.

"जाऊ का मग?" आबांनी विचारलं.

"जा की! खुशाल जा!" आप्पा हसून हसून लाल झाले होते. "माझी परवानगी आहे, जा."

"बरं," आबा म्हणाले. आणि आईकडे वळून, "सकाळी माझ्या डब्याला दोन भाकरी ज्यादा टाक."

सकाळी आप्पा ओट्यावर दात घासत उभे असताना दारात जीप थांबली. आबा डबा घेऊन बाहेर आले. आप्पांच्या तोंडात ब्रश तसाच राहिला. त्यांनी जीपकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू काही माझ्याकडे याबद्दलचं एखादं रंगीत पान असणारच.

"आबा," ते फेसातूनच म्हणाले, "हे कधी ठरलं?"

"काल," आबा म्हणाले आणि जीपमध्ये चढले. "तुझ्यासमोर."